भूतान कुठं आहे?

शेजारी देशांची फुटबॉल स्पर्धा कोल्हापुरात घ्यायची की नाही, हे ठरवायला महासंघाचे निरीक्षक टिळेकरसाहेब आले. कोल्हापूरच्या बाजूनं मी तयार केलेला चाळीस पानी अहवाल त्यांनी उघडलाही नाही.

"भारताच्या सामन्याला गर्दी होईल हो," ते हसले. "पण भूतान-मालदीवला इथं काळं कुत्रं तरी फिरकेल का? यजमानपद विसरा!"

मी अहवाल पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला. मैदान राखणारे गुंडूमामा मात्र म्हणाले, "साहेब, च्या संपेपर्यंत थांबा की."

त्यांनी दोन फोन केले. भूतानचा संघ वरच्या तालमीचा पाहुणा आणि मालदीवचा खालच्या तालमीचा, एवढंच कळवलं. या दोन तालमींच्या फुटबॉल संघांचं वैर तीन पिढ्यांचं.

साहेबांचा दुसरा कप संपायच्या आत फाटकाशी दीडशे माणसं जमली.

"मालदीवला चार गोल घालतोय बघ!"

"जा रे! तुझं भूतान मध्यंतरालाच रडतंय!"

साहेब चिडले. "यांच्यातल्या एकाला तरी माहीत आहे का, भूतान कुठं आहे ते?"

गुंडूमामा शांतपणे म्हणाले, "आहे की. वरच्या तालमीत."

साहेबांनी मंजुरीच्या सहीसाठी माझंच पेन मागितलं.