तीन खुणा

"बाहेर बसलेल्या बाईला काय सांगितलंस?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"बाळाला डाऊन सिंड्रोम आहे म्हणून सांगितलं," डॉ. निनाद म्हणाला. "गर्भ खाली करायचा असेल तर आठवड्याभरात ठरवा, असंही."

मी सोनोग्राफीचं टेबल पुसत होते. माझा हात तिथंच थांबला.

मॅडम म्हणजे मिरजेत गर्भाच्या सोनोग्राफीतला शेवटचा शब्द. निनाद त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, पण हुशारीचं अजीर्ण झालेलं.

"कशावरून सांगितलंस?"

"तीन खुणा सापडल्या, मॅडम! पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत मोठी फट. करंगळी वाकडी. हृदयात पांढरा ठिपका. दुसऱ्या कुणाला एकसुद्धा दिसली नसती."

"आणि खात्रीसाठी गर्भजलाची तपासणी?"

"गरज काय? तीन आहेत की!"

बाहेर बाकावर स्नेहल खोत बसली होती. लग्नाला नऊ वर्षं, पहिलंच पोर, पाचवा महिना. नवरा फोनवर कुणाला तरी "खाली करायचंय" म्हणून सांगत होता. ती पोटावर हात ठेवून नुसती भिंतीकडं बघत होती.

मॅडमनी निनादच्या पायांकडं पाहिलं.

गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. आमच्याकडं चपला-बूट दाराबाहेर काढून आत यायची शिस्त. निनाद अनवाणीच होता.

त्याच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, यांच्या फटीत मॅडमनी आपलं बोट ठेवलं. सहज मावलं.

"एक."

"मॅडम, अहो, हे काय..."

"हात दे."

त्याची करंगळी आतल्या बाजूला चांगलीच वाकडी. अगंबाई! सहा महिने सोबत काम करते, मला कधी दिसली नव्हती.

"दोन. तिसरीसाठी टेबलावर झोपतोस?"

निनाद पांढराफटक पडला. स्वतःच्या करंगळीकडं बघतच राहिला.

"पण मॅडम... मी तर बरा आहे..."

"आणि नसतास तर?"

निनादनं करंगळी मुठीत मिटली आणि तो दाराकडं वळला.

"तिला सांगतो... माझी चूक झाली. आधी तपासणी करू म्हणतो."

दाराबाहेर वाकून त्यानं बुटाला हात घातला.

"बूट राहू देत," मॅडम म्हणाल्या. "तिच्यापुढं असाच जा."