सोराने खाल्लेली दहा वर्षं

दूर पूर्वेला कोरिया नावाचा देश आहे. तिथे एका हिरव्यागार टेकडीच्या पायथ्याशी, गवताने शाकारलेल्या इवल्याशा घरात सोरा राहायची. वय वर्षं आठ. वडील ती तान्ही असतानाच देवाघरी गेले होते. घरात होत्या फक्त दोघी, सोरा आणि तिची आई.

आई गावाला तांदूळ कुटून द्यायची. वाफवलेला तांदूळ मोठ्या लाकडी हातोड्याने कुटायचा, कुटून कुटून त्याचा पांढराशुभ्र, मऊ गोळा करायचा. काम सोपं नव्हतं. त्या हिवाळ्यात आईला खोकला लागला. दहा घाव घातले की ती धापा टाकत खाली बसायची. वैद्यबुवा म्हणाले, "हिला विश्रांती हवी, नाहीतर मला काही खरं दिसत नाही." पण विश्रांती घेतली तर चूल कशी पेटणार? सोराने एकदा गुपचूप हातोडा उचलून पाहिला. हातोडा जागचा हलला नाही. सोराच धपकन बसली.

आता त्या देशातली एक गंमत सांगते. आपल्याकडे ज्याचा त्याचा वाढदिवस वेगळा, हो की नाही? तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे सगळे एकाच दिवशी मोठे होतात, नव्या वर्षाच्या सकाळी! त्या सकाळी तांदळाच्या पांढऱ्या चकत्यांचं गरमागरम सूप खायचं. वाडगा संपला की वय एका वर्षाने वाढलं. मग मुलं एकमेकांना चिडवतात, "मी दोन वाडगे खाणार, मग तू मला ताई म्हणायचं!" खरं तर दोन वाडगे खाऊन फक्त पोट दुखतं. पण सोराचा त्या चिडवण्यावर पक्का विश्वास होता. आठ वर्षांच्या माणसाला काय काय खरं वाटतं, ते मोठ्यांना विचारू नका. ते विसरलेले असतात.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी सोरा काटक्या वेचायला टेकडीवर गेली. बर्फात पर्सिमन नावाच्या फळाचं एक झाड उभं होतं. पानं सगळी गळलेली, शेंड्यावर मात्र तीन फळं, केशरी, चकचकीत, मधासारखी गोड. सोराच्या पोटात कावळे ओरडत होते. पण शेंड्यावरची फळं पाखरांसाठी ठेवायची, असं तिथली माणसं मानतात. सोराने वर पाहिलं, आवंढा गिळला आणि ती काटक्या वेचू लागली.

तेवढ्यात मधलं फळ लखलखलं! त्यातून एक पिटुकली परी बाहेर आली. केशरी झगा, चंदेरी पंख, केसांत बर्फाचे चिमुकले कण.

"भुकेली असून पाखरांचा घास राखलास," परी हळुवार म्हणाली. "माग, काय हवंय?"

"परीताई, मला उद्याच मोठं कर. आईचा हातोडा उचलता येईल एवढं मोठं!"

परीचा चेहरा किंचित उतरला. तिने एक छोटासा निळा वाडगा दिला. "हा रिकामा झाला की सुपाने पुन्हा भरेल. पण तीन नियम ऐक. जितके वाडगे, तितकी वर्षं. खाल्लेलं वर्ष परत मिळत नाही. आणि त्या वर्षांतले दिवस मग कुणालाच मिळत नाहीत, तुलाही नाही आणि तुझ्या माणसांनाही नाही."

"हो हो," सोरा म्हणाली. ती बोटांवर मोजत होती, आठ आणि दहा किती. तिसरा नियम तिच्या कानात शिरलाच नाही.

दुसऱ्या सकाळी आई पाणी आणायला गेली तेवढ्यात सोराने दहा वाडगे संपवले. पहिल्याला बाही आखूड झाली. चौथ्याला डोकं वरच्या फळीला टेकलं. दहाव्याला आरशात एक उंच, देखणी मुलगी होती. आई परत आली ती दारातच थिजली. तिच्या हातात येताना शेजारणीकडून आणलेलं, नव्या वर्षाचं रंगीत पट्ट्यांचं पोलकं होतं, तिनेच लपून खोकत खोकत शिवलेलं, आठ वर्षांच्या मापाचं.

"आई, मीच गं. आता तू बस. मी कुटते."

आणि खरंच, सोराने हातोडा उचलला. धप्, धप्, धप्! दिवसभर कुटूनही ती दमेना. आई निजली, ऊन खाल्लं, गरम पेज प्याली. वसंतात खोकला गेला, उन्हाळ्यात गालांवर लाली आली. वैद्यबुवा खूश, गाव खूश. सोराला वाटलं, जिंकलं आपण!

पण पानगळीच्या दिवसांत तिने पाहिलं, आई दाराशी उभी राहून शेजारची मुलं शाळेतून येताना बघत असते. मुलं गेली तरी बघत असते.

"आई, माझं चुकलं का गं?"

"नाही बाळा. तू मला जगवलंस." आईने तिला जवळ घेतलं. "पण तुझा पुढचा दात हलत होता. तो पडल्यावर तू कशी हसली असतीस, ते मी पाहिलंच नाही. नऊ वर्षांची सोरा कशी असते, बारा वर्षांची कशी रुसते, मला कधीच कळणार नाही. फार वाईट वाटतं गं त्याचं."

सोरा धावत टेकडीवर गेली. झाडाला मिठी मारून ती हमसून हमसून रडली. "परीताई, मी नीट ऐकलंच नाही!"

परी अलगद तिच्या खांद्यावर उतरली. तिचेही इवलेसे डोळे ओले होते. "वर्षं मला देता येत नाहीत, बाळ. पण तू स्वतःसाठी काही मागितलं नव्हतंस. म्हणून एक दिवस देते. उद्या सूर्य मावळेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या कुशीत आठ वर्षांची सोरा जागी झाली. हातोडा कोपऱ्यातच राहिला. आईने तिची वेणी घातली, मोडली, पुन्हा घातली. नखं कापली. दोघींनी लाल पिवळ्या पानांत लोळण घेतली. सोराने ओढ्यात मोजे भिजवले, तेव्हा आई चांगली ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. दुपारी सोराचा हलणारा दात पडला. बोळकं दाखवत ती इतकी हसली की आई तिच्याकडे बघतच राहिली.

उन्हं उतरली. "आई, पाय दुखले."

आईने वाकून तिला पाठीवर घेतलं आणि ती घराची वाट चालू लागली. तिला आता धाप लागत नव्हती. टेकडीवर केशरी, सोनेरी, गुलाबी उजेड पसरला. त्या उजेडात परी क्षणभर चमचमली, तिने हात हलवला, आणि ती विरून गेली.

पाठीवरचं ओझं हळूहळू वाढू लागलं. सोराचे पाय लांब होत होत खाली आले आणि बोटं वाटेवरच्या पानांना लागली.

"आई, उतरव मला. मी मोठी झाले गं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. तिने दोन्ही हातांनी सोराला आणखी घट्ट धरलं आणि ती तशीच पुढे चालत राहिली.