वाचकांची यादी

"पण बाबा, वाचणार कोण हे ठरल्याशिवाय नियतकालिक निघायचं कसं?"

प्राध्यापक निगुडकर अगदी काकुळतीला आले होते. माणसाची ओळख या विषयावर संशोधनाचं नियतकालिक काढायचं, हे त्यांचं अकरा वर्षांचं स्वप्न. विद्यापीठानं प्रस्ताव दोनदा परत पाठवला. का, तर 'अपेक्षित वाचक' हा रकाना पटला नाही. उद्या शेवटची संधी. म्हणून एवढा विद्वान माणूस टेकडी चढून दादाशाह फकिरांच्या दाराशी आलेला! अडला होता बिचारा.

"यादी वाचा, मास्तर," फकीर आतून म्हणाले.

खोलीत अंधार होता. अक्षर दिसेना, म्हणून प्राध्यापक उंबऱ्याबाहेर उजेडात उभे राहिले. आवाजात थोडी ऐट आलीच.

"समाजशास्त्राचे संशोधक."

फकिरांनी दार थोडं ओढलं.

"विद्यापीठांतले प्राध्यापक."

आणखी थोडं.

"पदव्युत्तर विद्यार्थी… धोरणकर्ते… परदेशी अभ्यासक…"

खट्. आतून कडी लागली.

"अहो बाबा! मी बाहेरच राहिलो की!"



ओट्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. मघाशी प्राध्यापक त्याच्या अंगावरूनच आले होते, पण लक्ष कुणाचं होतं! म्हातारा जरा सरकला.

"बसा. उघडतील… कुणाचे म्हणायचे तुम्ही?"

साधा प्रश्न. एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुणीही विचारतं. पण वीस वर्षं ओळखीवर व्याख्यानं झोडणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. हुद्दा सांगावा? गाव? वडिलांचं नाव?

म्हाताऱ्याला घाई नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या मनापासून आपल्याला कुणी कधी विचारलं होतं? प्राध्यापकांच्या अंगावर सरसरून काटा आला. डोळे भरून आले. हातातली यादी कधी चुरगळली, तेही कळलं नाही.

कडी निघाली.

"बाबा…" प्राध्यापक कसंबसं म्हणाले, "रकाना कोराच राहिला."

फकीर उंबरा ओलांडून बाहेर आले आणि म्हाताऱ्याच्या पलीकडे ओट्यावर टेकले.

"हे विचारून बसलेत, मास्तर. यांना सांगा… तेच छापा."