ठकू तेलिणीने घेतली वैद्यांची परीक्षा

राजे भुजंगरावांचं पोट दुखत होतं आणि तीन वैद्य तीन गोष्टी सांगत होते!

लघवीच्या वाटीत तेलाचा थेंब सोडायचा आणि तो कसा पसरतो त्यावरून रोग ओळखायचा, ही तिघांची रीत. गदाधरशास्त्री ओरडले, "थेंबाचा साप झाला! भयंकर रोग! महिनाभर नुसता कारल्याचा रस!"

काशीपंत म्हणाले, "छे! हे तर कमळ! महाराज ठणठणीत आहेत!"

सदोबा वैद्य डोकं खाजवत म्हणाले, "मला कासव दिसतंय. अपचन असावं."

तेल घेऊन आलेली ठकू तेलीण फिसकन हसली.

"हसतेस?" राजे कडाडले. "मग तूच सांग, कुणाची नजर खरी! संध्याकाळपर्यंत सांगितलं नाहीस, तर तुझा घाणा बंद!"

 ठकूचं घर त्या घाण्यावर चालायचं. पण ती पदर खोचून म्हणाली, "सांगते! मात्र तिघांना त्याच त्या वाट्या दाखवायच्या. नाहीतर ज्याला सोप्या मिळतील तोच हुशार ठरेल! आणि तिघांना वेगवेगळ्या दालनात बसवा."

तिने काही वाट्या तापाने फणफणलेल्यांच्या आणल्या, काही तालमीतल्या पैलवानांच्या. कोणती कुणाची, हे फक्त ती आणि राणीसाहेब जाणत होत्या.

संध्याकाळी दरबार भरला. कोणती वाटी कुणाची, ते राणीसाहेबांनी सांगून टाकलं.

"एकही आजारी माझ्या नजरेतून सुटला नाही!" गदाधरशास्त्री गरजले.

"खरंय," राणीसाहेब म्हणाल्या.

"मी एकाही धडधाकट माणसाला आजारी म्हटलं नाही!" काशीपंतांनी मिशीला पीळ दिला.

"तेही खरंय!"

सदोबा पुटपुटले, "माझ्या दोन-तीन चुका झाल्या असतील."

"मग सदोबा बाद!" राजे म्हणाले.

"थांबा महाराज!" ठकू म्हणाली. "शास्त्रीबुवा, पैलवानांचं काय?"

"तेही सगळे आजारी!"

दारातल्या पैलवानांनी रागाने शड्डू ठोकले!

"आणि पंत, तापाने फणफणलेले?"

"ठणठणीत!"

राजे गोंधळले. "पण शास्त्रीबुवांनी सगळे आजारी ओळखले ना?"

"महाराज, एका पोपटाला 'आजारी! आजारी!' एवढंच शिकवा. त्याच्याही हातून एक आजारी सुटणार नाही! दुसऱ्याला 'ठणठणीत!' शिकवा. तो एकाही धडधाकटाला घाबरवणार नाही! दोघांना पगार फक्त मिरच्या! सदोबा मात्र दोन्ही शब्द बोलतात, आणि बहुतेक वेळा योग्य माणसाला योग्य शब्द!"

राजे इतके हसले, इतके हसले, की दणदणीत ढेकर आला आणि पोटदुखी पळाली! अपचनच होतं ते!

"सदोबा, आजपासून तुम्ही राजवैद्य! आणि ठकू, तुला काय हवं?"

"घाण्याला एक तरणा बैल, महाराज!"

"एक कशाला? जोडी घेऊन जा!"