जुना जॉइंट

ट्रकांना लांब नाकं असायची तेव्हाची गोष्ट. घाटात फिरणाऱ्या एका ट्रकच्या स्टिअरिंगचा जॉइंट झिजून पार थकला होता. तो वेळेवर वळत नसे, म्हणून ड्रायव्हर गेनूतात्या स्टिअरिंग नेहमी थोडं जास्तच फिरवून वेळ मारून नेत.

शेवटी मिस्त्रीने नवा जॉइंट बसवला आणि जुना तात्यांच्या पायाशी, हत्यारांच्या पेटीत टाकला.

"सुटलो बाबा एकदाचा," जुना पुटपुटला.

पहिल्याच वळणावर तात्यांनी सवयीने स्टिअरिंग जास्त फिरवलं. ट्रक दरीच्या कठड्याला घासला.

"नवा मालच भिकार!" तात्या ओरडले.

नवा जॉइंट रडवेला झाला. "आजोबा, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही रे," जुना दमल्या आवाजात म्हणाला. "मी पेटीत आलो, पण माझी झीज अजून त्यांच्या हातातच राहिलीय."