येसूच्या पट्टीचा सांधा

पिंपळसोंड गावी वाकळेमहाराजांचा मुक्काम मारुतीच्या पारावर असे. अंगावर एक वाकळ, बाकी काही नाही. त्यांचा एक भक्त होता, हणमंत मास्तर. शाळेत सगळी पोरं एका ओळीत बसावीत, एवढाच त्याचा हट्ट. पण गावाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! बिचारा पार थकून गेला होता.

वेशीबाहेरच्या भागूबाईनं शाळेत पोरांना बसायला घायपाताच्या वाखाची एक लांब पट्टी विणून दिली. तिची येसू त्याच पट्टीवर इतरांशेजारी बसू लागली. खंडेराव इनामदारांना हे कळलं मात्र, ते विळा घेऊनच शाळेत शिरले.

"काय मास्तर, संत झालात होय?" असं हसून त्यांनी येसूच्या जागेजवळ पट्टी कापली आणि तुकडा बाहेर पायरीवर फेकला. "हिनं तिथं बसावं. नाहीतर उद्यापासून शाळेला कुलूप!"

मास्तरानं मान खाली घातली. "बस बाळ, आजच्या दिवस," तो येसूला म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांची त्याला शिसारी आली.

मधल्या सुट्टीत तो पारावर गेला आणि महाराजांच्या पायाशी मटकन बसला. "महाराज, हात टेकले. मी गाव सोडतो."

"दमलास?"

"फार दमलो."

"मीही दमलोय रे," महाराज म्हणाले. "या गावाला सांगून सांगून जीभ झिजली. पण पोर अजून उन्हात बसलीय ना? तू गेलास की ती घरीच जाईल. मला जरा हात दे, ऊठ."

शाळेत येऊन महाराजांनी पायरीवरचा तुकडा उचलला, मोठ्या पट्टीला लावून ठेवला आणि त्यावरून नुसता हात फिरवला. येसूला तिच्या जागी बसवलं. तेवढ्यात इनामदार तरातरा आले.

"कापलेली पट्टी अशी जोडली जाते होय, बुवा?"

"मग सांधा दाखवा, इनामदार. सापडला तर पोर उठेल."

येसूनं पाटी छातीशी धरली.

इनामदार वाकले. डोळ्यांना सांधा दिसेना, म्हणून गुडघ्यांवर आले. बोटांनी चाचपत ते पट्टीच्या एका टोकापासून सरकू लागले, पोरं पाय आखडून घेऊ लागली. विळा त्यांनीच चालवला होता, पण वाखाचा एक धागा तुटलेला लागेल तर शपथ! सरकता सरकता त्यांचं कपाळ येसूच्या गुडघ्याला टेकलं आणि फेटा तिच्या मांडीवर पडला.

येसूनं हात मागे घेतला.

"गुरुजी, उचलून देऊ का?" तिनं भीत भीत विचारलं.

"दे, बाळ." मास्तर म्हणाला.

तिनं फेटा पुढे केला. इनामदार किती तरी वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले. महाराज हळूच म्हणाले, "तुमच्या विहिरीचा दोर हिच्याच आईनं वळलाय, खंडेराव. ते पाणी कधी बाटलं नाही."

इनामदारांनी फेटा तिच्या हातून घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि बोडक्या डोक्यानं महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज!"

"माझ्या पाया कशाला पडता? कुलपाची किल्ली मास्तराला द्या," म्हणून महाराज वाकळ सावरत, भिंतीला धरत पाराकडे निघाले.

उद्या आणखी कुणी विळा घेऊन येईल, हे मास्तर जाणून होता. त्यानं इनामदारांनी दिलेली किल्ली खिशात टाकली, डोळे पुसले आणि येसूला म्हणाला, "हं, पाटी काढ."