माफी बैलांना कळली नाही

फार पूर्वी डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं, इतकं लहान की राजा घोरला तर शेजारच्या राज्याची झोपमोड व्हायची.

या राजाच्या आजोबांनी शेजारच्या मोठ्या राजाकडून पूल बांधायला कर्ज घेतलं होतं. पूल पहिल्याच पुरात वाहून गेला, कर्ज मात्र जागचं हललं नाही. व्याज म्हणून राजवाड्यापुरतं सोडून सगळं दूध रोज पहाटे बैलगाड्यांतून खिंडीपलीकडे जाई. मुलं पेजेवर वाढत. ती इतकी हलकी झाली होती की वारा सुटला की आया त्यांच्या कमरेला वरवंटा बांधून मगच खेळायला सोडत. शाळेत गुरुजी आधी खिडक्या लावून घेत, मग हजेरी.

एकदा मोठ्या राजाचा दूत आला, तेव्हा एक पोरगी त्याच्या डोक्यावरून उडत गेली. त्याने परत जाऊन तसं सांगितलं. मोठा राजा काही वाईट नव्हता. त्याने निरोप धाडला, "कर्ज माफ. पण ते दूध मुलांच्या पोटात गेलं पाहिजे. दिवाळीनंतर दूत पुन्हा येईल. मुलं वाऱ्यात उडताना दिसली, तर माफी रद्द."

राजाने दवंडी पिटवली, साखर वाटली. दुसऱ्या दिवशी सगळं दूध पुन्हा खिंडीपलीकडे गेलं.

राजाने गाडीवानांच्या म्होरक्याला बोलावलं. "हे कसं झालं रे?"

"महाराज, आम्ही गाडीत बसलो की झोपतो. बैलांना रस्ता पाठ आहे."

"मग वळवा की शाळेकडे."

"झोपेत कसं वळवणार?"

"आणि तिकडे दूध उतरवून कोण घेतं?"

"तेही झोपेतच घेतात, महाराज."

प्रधानाने नाक्यावर मोठी पाटी लावली. बैलांनी ती वाचली नाही. दिवाळी जवळ आली, तसा प्रधान म्हणाला, "मुलांच्या सदऱ्यांत खडे शिवू. उडणार नाहीत. दूताला काय कळतंय?"

राजाला ते पटत चाललं होतं. तेवढ्यात राणी म्हणाली, "झकास. मग युवराजांचंही दूध बंद करा. त्यांनाही शिवू की चार खडे."

प्रधान छताकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत राजा नाक्यावर हजर. त्याने पुढच्या गाडीचा कासरा धरला आणि शाळेकडे ओढला. बैलांनी उलट त्यालाच खिंडीपर्यंत फरफटत नेलं. त्याच्या पुढच्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत. राजाची धोतरं फाटली, गुडघे सोलले, पण पहाट चुकली नाही. महिन्याभराने बैल मुकाट्याने शाळेच्या दारात थांबू लागले.

दूत आला, तेव्हा असा वारा सुटला की त्याचं पागोटंच गेलं. ते धरायला सगळी मुलं धावली. पाय जमिनीवर ठेवून धावली. माफी पक्की झाली.

पुढे तो राजा गेला. नव्या राजाला मेजवान्यांसाठी ते दूध राजवाड्यात हवं होतं. त्याने तसा हुकूम काढला. गाडीवानांनी मान डोलावली आणि गाडीत जाऊन झोपले. बैल शाळेत गेले.

तात्पर्य एवढंच: कर्ज माफ झालं म्हणून दूध आपोआप मुलाच्या पेल्यात येत नाही, कुणाला तरी रोज पहाटे उठून गाडी तिकडे न्यावी लागते.